आत्याच्या पोस्ट घरी आणताना

मार्च महिन्यातल्या एका सकाळी इंदूरहून आत्याचा फोन आला. कशी आहेस, जेवलीस का, काही नाही. थेट म्हणाली, "अगं, मी गॉगल विकायला काढलेत म्हणे!"

रात्रीतून कुणीतरी तिच्या अकाउंटमध्ये शिरलं होतं आणि तिच्या नावाने, तिच्या फोटोसकट, महागडे गॉगल निम्म्या किमतीत विकायची जाहिरात टाकून मोकळं झालं होतं. भजनी मंडळातल्या दोघींनी तर भावही विचारला होता. पासवर्ड बदललेला, त्यामुळे आत्याला आत जाता येईना. स्वतःच्याच घराला दुसऱ्याने कुलूप लावावं, तशी तिची गत.

त्या समाजमाध्यमाचं नाव मी इथे लिहीत नाही. हे कुठेही होऊ शकतं. अकाउंट परत हाती यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत आत्याने गॉगलवरून भरपूर विनोद करून घेतले, पण रोज रात्री एक प्रश्न मात्र ती न चुकता विचारायची, "माझं लिहिलेलं गेलं का गं?"

हा प्रश्न साधा नव्हता. आत्या ७६ वर्षांची. आयुष्यभर शाळेत शिकवलं. निवृत्तीनंतर मुलाने फोन घेऊन दिला, त्यावर एका बोटाने मराठी लिहायला शिकली आणि २०१३ पासून जवळजवळ रोज रात्री काहीतरी लिहीत आली. होळकरी थाट नुकताच ओसरलेल्या इंदुरातलं तिचं बालपण, राजवाड्याजवळचं भाड्याचं घर, थंडीत सराफ्यात मिळणारा तळलेला गराडू आणि त्यावर भुरभुरलेलं जीरावन, भुट्ट्याचा कीस, माझ्या आजोबांची सायकल. आमच्या घराण्याचा जो काही इतिहास आहे तो एवढाच, आणि तो तिने दुसरीकडे कुठेही लिहिलेला नाही. वही नाही, डायरी नाही. सगळं एका कंपनीच्या कपाटात, आणि किल्ली दुसऱ्याच्या हातात.

अकाउंट परत मिळालं त्याच दिवशी आम्ही ठरवलं, हे सगळं घरी आणायचं. आम्ही म्हणजे मी बेंगळुरूला, आणि इंदूरला आत्याचा नातू, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला. (तो मला आत्या म्हणतो, मी तिला आत्या म्हणते, त्यामुळे फोनवर 'आत्या म्हणाली' याचा अर्थ दर वेळी दोनदा विचारावा लागतो. इथून पुढे आत्या म्हणजे इंदूरचीच.) या कामाला आम्हाला चार महिने लागले. त्यात दोन मोठ्या चुका झाल्या. त्यातून जे शिकायला मिळालं ते या वेळच्या सदरात सांगते, कारण तुमच्याही घरात अशी एखादी आत्या, आई किंवा आजोबा नक्की असणार.

डोसा आणि लाडू

आधी थोडं घाबरवते. ऑर्कुट आठवतं? ते ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. गूगल प्लसची सामान्य लोकांची अकाउंट २ एप्रिल २०१९ पासून बंद व्हायला लागली. भारतीय भाषांसाठी मोठ्या उमेदीने सुरू झालेलं 'कू' २०२४ साली मिटलं. फेसबुकवर लांब लेख लिहायची 'नोट्स' नावाची सोय होती, ती २०२० साली काढून घेतली गेली. यात कुणाला शिव्या घालायचं कारण नाही. दुकान चालेना झालं की दुकानदार शटर ओढतो. प्रश्न आपल्या सामानाचा असतो.

सामान ठेवायला आम्ही निवडली ती स्टॅटिक वेबसाइट. नाव जड आहे, गोष्ट सोपी आहे. नेहमीची वेबसाइट म्हणजे उडप्याचं हॉटेल. तुम्ही मागणी केली की आत तवा, आचारी, सगळी धावपळ होते आणि डोसा टेबलावर येतो. आचारी रजेवर असेल तर डोसा नाही. स्टॅटिक वेबसाइट म्हणजे दिवाळीच्या लाडवांचा डबा. करायचं ते आधीच करून ठेवलेलं, झाकण उघडलं की लाडू हातात. प्रत्येक पान ही आधीच तयार केलेली फाइल असते. मागे डेटाबेस नसतो, वाचकांचं लॉगिन नसतं, त्यामुळे बिघडायला आणि घुसायला जागा कमी.

ही पानं तयार करून देणारी साधनं फुकट मिळतात. जेकिल २००८ साली आलं, ह्युगो २०१३ साली, इलेव्हन्टी त्यामानाने धाकटं. तिघांचं काम एकच: साध्या मजकुराच्या फाइली घ्यायच्या आणि त्यांची नीटनेटकी पानं करायची. या फाइली मार्कडाउन नावाच्या पद्धतीने लिहितात. जॉन ग्रुबर यांनी ती २००४ साली आणली. तीत शिकण्यासारखं फार काही नाही. परिच्छेद बदलायचा तर एक ओळ मोकळी सोडा, शब्द ठळक करायचा तर त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन चांदण्या द्या. फाइलच्या डोक्यावर तारीख, शीर्षक, विषय अशा दोन-चार ओळी. बस. ही फाइल कुठल्याही कॉम्प्युटरवरच्या साध्या नोटपॅडमध्ये उघडते. मला सगळ्यात पटलं ते हेच. उद्या जेकिल बंद पडलं तरी आत्याचं लिखाण वाचता येईल.

आता मधला दुवा, म्हणजे प्लगइन. समाजमाध्यमावरच्या पोस्ट उचलून अशा फाइली करून देणारा छोटा मदतनीस प्रोग्रॅम. हा मदतनीस दोन प्रकारचा असतो, आणि आमची पहिली चूक इथेच झाली.

एक प्रकार थेट सेवेशी जोडलेला असतो. तो त्या सेवेच्या दारावर जातो, तुमच्या पोस्ट मागतो आणि तुमच्या पानावर मांडतो. दिसायला छान, करायला सोपं. पण दार उघडायचं की नाही हे दारवाला ठरवतो. ट्विटरने २०२३ साली प्रोग्रॅमसाठीची फुकट वाट जवळजवळ बंद केली. इन्स्टाग्रामने साध्या, वैयक्तिक अकाउंटसाठीची जी वाट ठेवली होती तीही ४ डिसेंबर २०२४ ला बंद झाली. या वाटांवर उभ्या असलेल्या वेबसाइटवर मग रिकामे चौकोन उरतात. दुसरा प्रकार फाइलवर चालतो. तुम्ही तुमच्या पोस्टचा संग्रह एकदा उतरवून घेता, प्लगइन तो वाचतं आणि प्रत्येक पोस्टची एक फाइल तुमच्या फोल्डरमध्ये लिहितं. नंतर ती सेवा राहो की जावो.

नातवाला पहिला प्रकार आवडला होता, कारण त्यात मेहनत कमी. दोन दिवसांनी त्याच्याच लक्षात आलं की ज्या दाराबाहेर आजी तीन आठवडे उभी होती, त्याच दारावर आपण पुन्हा जाऊन बसतोय. मग आम्ही दुसऱ्या प्रकाराकडे वळलो.

कोणाकडे किती सोय आहे ते थोडक्यात सांगते. इलेव्हन्टीच्या आयात साधनात मॅस्टोडॉन, ब्लूस्काय, यूट्यूब, वर्डप्रेस आणि आरएसएस यांची सोय आहे. जेकिलच्या आयात साधनात वर्डप्रेस, ब्लॉगर, टंबलर असे बरेच जुने सोबती आहेत. ट्विटरच्या संग्रहातून स्टॅटिक वेबसाइट करायला इलेव्हन्टीचे कर्ते झॅक लेदरमन यांनीच 'ट्वीटबॅक' नावाचं वेगळं साधन बनवलं आहे. आपल्याकडच्या बहुतेक घरांचा साठा मात्र फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर असतो, आणि तिथे या यादीतलं काहीच सरळ कामाला येत नाही. तिथे संग्रहातली फाइल वाचणारा छोटा प्रोग्रॅम कुणाकडून तरी लिहून घ्यावा लागतो. घरात एखादा कॉलेजला जाणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर सुट्टीतलं काम म्हणून सोपवा. फेसबुकच्या पोस्ट परस्पर वर्डप्रेस डॉट कॉमवर किंवा ब्लॉगरवर पाठवायची सोयही २०२१ साली आली होती. कुणाला एवढ्यावर भागवायचं असेल तर माझी हरकत नाही, फक्त ते एका कपाटातून दुसऱ्या कंपनीच्या कपाटात जाणं आहे.

संग्रह उतरवताना

संग्रह मागवणं अवघड नाही. सेटिंग्जमध्ये 'तुमची माहिती डाउनलोड करा' अशा अर्थाचा पर्याय असतो. फेसबुकवर तो २०१० पासून आहे. तीन गोष्टी जपा. कालावधी निवडताना 'आतापर्यंतचं सगळं' निवडा, नाहीतर एखाद्याच वर्षाचा तुकडा हाती येतो. फोटोंचा दर्जा निवडता येत असेल तर वरचा निवडा. आणि संग्रह दोन प्रकारांत मिळत असेल, एक ब्राउझरमध्ये उघडणारा आणि एक जेसन नावाचा, तर दोन्ही घ्या. पहिला आपल्याला वाचायला, दुसरा प्लगइनला वाचायला. संग्रह तयार व्हायला काही तास ते काही दिवस लागतात, आणि तयार झाल्यावरची लिंक थोडेच दिवस चालते. मेल आला की लगेच उतरवून घ्या.

उतरवल्यावर तो मोठा फोल्डर एका पेनड्राइव्हवर जसाच्या तसा ठेवून द्या. त्याला हात लावू नका. आणि दुसरं, फार महत्त्वाचं: तो अख्खा फोल्डर वेबसाइटच्या फोल्डरमध्ये टाकू नका. त्यात नुसत्या पोस्ट नसतात. खासगी मेसेज, फोन नंबर, कुठून-कधी लॉगिन केलं त्याच्या नोंदी, सगळं असू शकतं. गिटहब पेजेस ही वेबसाइट फुकट ठेवायची लोकप्रिय जागा आहे, पण तिच्या फुकट योजनेत पानांमागचा कच्चा मालही सगळ्या जगाला उघडा असतो. पाहुण्यांना दिवाणखाना दाखवताना आपण कपाटाचे खण उघडे टाकत नाही ना?

जेसनची फाइल प्लगइनला दिली, वेबसाइट तयार झाली आणि नातवाने मोठ्या हौसेने आजीला पहिलं पान दाखवलं. आत्या बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हे फ्रेंच आहे का रे?"

पानावर मराठीचा एक शब्द नव्हता. डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ए, मग एक विचित्र गोल चिन्ह, मग आणखी काहीतरी, पुन्हा तोच ए. पानंच्या पानं. नातवाचा चेहरा उतरला. त्याला वाटलं, चोराने जाता जाता सगळं खराब केलं.

तसं काही नव्हतं. कॉम्प्युटर देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ पद्धतीत तीन तुकड्यांत साठवतो. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणजे पंधरा तुकडे. ते तीन-तीनच्या गटाने वाचले तर 'मराठी' दिसतं. पण त्या जेसन फाइलमध्ये प्रत्येक तुकडा हेच एक पूर्ण अक्षर आहे असं समजून लिहिला होता, लॅटिन-१ नावाच्या जुन्या युरोपीय अक्षरपद्धतीप्रमाणे. म्हणून पाच चिन्हांच्या जागी पंधरा परकी चिन्हं. इंग्रजी अक्षरं दोन्ही पद्धतींत सारखीच साठवली जातात, त्यामुळे इंग्रजी लिहिणाऱ्याला यातलं काही जाणवतही नाही. फटका बसतो तो मराठी, तमिळ, बंगाली लिहिणाऱ्यांना, आणि हो, इमोजींना.

इलाज एका ओळीचा निघाला. प्रोग्रॅमला सांगायचं की ही अक्षरं पुन्हा लॅटिन-१ चे तुकडे समज आणि मग ते यूटीएफ-८ म्हणून वाच. लिखाण कुठेही गेलेलं नव्हतं, फक्त चुकीच्या चष्म्यातून दिसत होतं. तुमच्याकडे असं झालं तर घाबरून ती फाइल दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅममध्ये उघडून पुन्हा सेव्ह करू नका. तसं केलं तर चुकीवर चूक चढते. त्याच संग्रहाची ब्राउझरमध्ये उघडणारी प्रत आम्हाला नीट वाचता येत होती. दोन्ही प्रती घ्या असं मी म्हटलं ते यासाठीच.

तारखांचा घोळ त्यामानाने मजेशीर होता. दिवाळीत नरक चतुर्दशीला आत्या पहाटे साडेचारला अभ्यंगस्नान उरकून पोस्ट लिहायची, 'मी पहिली!' वेबसाइटवर तिच्या सगळ्या अशा पोस्ट आदल्या दिवशी जाऊन बसल्या. संग्रहात वेळ लिहिलेली असते जागतिक घड्याळाप्रमाणे, आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेत आपण लिहिलेलं सगळं तिथे कालचं असतं. जेकिलच्या सेटिंगमध्ये आशिया/कोलकाता असा टाइम झोन लिहिला की तारखा जागेवर येतात. पण हे पोस्ट आयात करायच्या आधी करा. आम्ही नंतर केलं. जेकिल तारीख फाइलच्या नावातही मागतं, त्यामुळे सगळ्या फाइलींची नावं बदलत बसावं लागलं.

नावांवरून आठवलं. समाजमाध्यमावरच्या पोस्टला शीर्षक नसतं. प्लगइन मग पहिल्या दोन-चार शब्दांवरून फाइलचं नाव करतं, आणि काही प्लगइन देवनागरी अक्षरं गाळून टाकतात. उरतं रिकामं नाव, आणि दुसरी पोस्ट पहिलीवर जाऊन बसते. नावं तारीख आणि वेळेवरून ठेवा. शीर्षकं माणसाने द्यावीत. आत्याने दिली, आणि काय एकेक दिली! आजोबांच्या सायकलवरच्या पोस्टचं शीर्षक आहे 'घंटी नसलेली'.

काय ठेवायचं

संग्रहात एकूण दोन हजारांच्या वर पोस्ट होत्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त म्हणजे सुप्रभात, फुलं, वाफाळता चहा आणि कुणीतरी पुढे पाठवलेले सुविचार. त्या आत्यानेच झटक्यात उडवल्या. "हे माझं नाहीच," म्हणाली. उरलेल्या वाचायला आम्ही रोज रात्री नऊ वाजता व्हिडिओ कॉलवर बसायचो. मी वाचायची, ती 'ठेव' किंवा 'काढ' म्हणायची.

मला वाटलं होतं ती सगळं ठेवेल. उलट झालं. शेजारच्या काकूंच्या आजारपणावरची एक फार चांगली पोस्ट तिने काढायला लावली. "तेव्हा ती बरी होईल असं वाटून लिहिलं होतं. आता तिच्या मुलीने वाचलं तर?" एका पोस्टमध्ये माझ्या चुलत बहिणीचं लग्न मोडल्याचा उल्लेख होता, नाव न घेता. "नाव नसलं तरी सगळ्यांना कळतं. काढ." नातवंडांचे आंघोळीचे फोटो गेले. माझ्या दहावीच्या मार्कांची पोस्ट ठेवली, मी नको म्हणत असताना. चारचौघांत सहज बोललेलं आणि पानावर कायमचं मांडलेलं यातला फरक तिला आमच्यापेक्षा जास्त कळत होता. प्लगइनला यातलं काही कळत नाही, ते मुकाट्याने सगळं उचलून आणतं. माझं स्पष्ट मत आहे की ज्यांचं लिखाण आहे ते माणूस हयात आणि उत्साहात असतानाच हे काम करावं. नंतर ते मुलांवर पडतं, आणि मुलं एक तर सगळं ठेवतात नाहीतर सगळं टाकतात.

शेवटी २१२ पोस्ट राहिल्या. वेबसाइट गूगलला सापडू नये असं सांगणारी एक ओळ आम्ही पानांत घातली आहे, पण ते दार लोटून घेतल्यासारखं आहे, कडी नाही. पत्ता ज्याला मिळेल तो वाचू शकतो. हे गृहीत धरूनच निवड केली.

आता दुसरी चूक. निवडलेल्या पोस्टमध्ये आत्याने दुरुस्त्या सांगितल्या, मी त्या फाइलींत केल्या. कुठे वर्ष चुकलेलं, कुठे फोटोतल्या माणसांची नावं. जवळजवळ चाळीस फाइली. नावं ही तर सगळ्यात मोलाची गोष्ट, कारण १९६० च्या सुमाराच्या त्या एका फोटोतल्या नऊ जणांना ओळखणारं आता तिच्याशिवाय कुणी उरलेलं नाही. मग एका रविवारी नातवाने प्लगइनमध्ये काहीतरी सुधारणा केली आणि ते पुन्हा चालवलं. प्लगइनने इमानेइतबारे सगळ्या फाइली नव्याने लिहिल्या. चाळीस दुरुस्त्या पुसल्या गेल्या.

तो दोन दिवस माझा फोन उचलत नव्हता. मी रागावले होतेच, पण त्याला काय बोलणार, फाइलींची दुसरी प्रत मीही ठेवली नव्हती. आत्या मात्र शांत होती. "तोंडपाठ आहे मला, पुन्हा लिही," म्हणाली, आणि खरंच तीन रात्रींत सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्या वेळी त्या फोटोतल्या एकाचं नाव तिने वेगळं सांगितलं. मग दोन्ही नावं लिहून ठेवली आहेत.

तेव्हापासून आमच्याकडे तीन फोल्डर आहेत. पहिल्यात मूळ संग्रह, त्याला कुणी हात लावायचा नाही. दुसऱ्यात प्लगइनने काढलेल्या फाइली. तिसऱ्यात हाताने निवडलेल्या आणि सुधारलेल्या, आणि तिथे प्लगइनला प्रवेश नाही. वेबसाइट फक्त तिसऱ्यावरून तयार होते. तुम्ही प्लगइन निवडाल तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा: आधीच असलेल्या फाइलीवर ते पुन्हा लिहितं का? इलेव्हन्टीचं आयात साधन मुद्दाम सांगितल्याशिवाय तसं करत नाही, आणि प्रत्यक्ष फाइली न लिहिता नुसती रंगीत तालीम करून दाखवायचीही त्यात सोय आहे. असं साधन बरं.

वारसाबद्दल दोन शब्द, कारण गेल्या महिन्यात तुमच्यापैकी काही जणींनी हेच विचारलं होतं. फेसबुकवर आपल्या पश्चात अकाउंट सांभाळणारी व्यक्ती आधीच नेमता येते, पण तिला आपल्या नावाने आत शिरता येत नाही आणि मेसेजही वाचता येत नाहीत. अकाउंट एकदा स्मृतिरूप केलं गेलं की लॉगिन कुणालाच करता येत नाही. गूगलमध्येही ठरावीक काळ अकाउंट वापरलं गेलं नाही तर ते कुणाला कळवायचं आणि काय द्यायचं हे ठरवून ठेवता येतं. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आपल्या मृत्यूनंतर किंवा आपण अक्षम झाल्यास माहितीविषयीचे हक्क कुणी वापरायचे, त्याचं नामनिर्देशन करण्याची तरतूद आहे. बँकेत करतो तसंच. आपली माहिती उचलून दुसऱ्या सेवेकडे नेण्याचा हक्क, जो युरोपात २०१८ पासून लागू आहे, तो मात्र आपल्या कायद्यात नाही. म्हणून डाउनलोडचं बटण आहे तोवर ते वापरा.

एक गोष्ट मात्र कुठलंच प्लगइन आणू शकलं नाही. संग्रहात आपण लिहिलेलं असतं. आपल्या पोस्टखाली इतरांनी लिहिलेलं आम्हाला त्यात मिळालं नाही. नियमाने ते बरोबरही आहे, ते त्यांचं लिखाण. पण आत्याची अर्धी मजा प्रतिक्रियांमध्ये होती. भुट्ट्याच्या किसाची कृती लिहिताना ती मीठच विसरली होती, कुणीतरी विचारलं, तिने उत्तर दिलं. संग्रहातल्या एका वेगळ्या फाइलमध्ये तिची अशी शेकडो उत्तरं ओळीने होती आणि प्रश्न एकही नाही. 'अर्धा चमचा.' 'हो, तोच वाडा.' 'नाही गं, ती त्याच्या आधीच गेली.' 'दूध अगदी शेवटी, नाहीतर फाटतं.'

नातवाने तारीख-वेळ जुळवून बरीच उत्तरं योग्य पोस्टखाली नेऊन ठेवली. अकाउंट अजून चालू आहे, त्यामुळे काही प्रश्न तिथे जाऊन वाचता आले, आणि विचारणाऱ्यांची परवानगी घेऊन पाच-सहा वेबसाइटवरही घेतले. बाकीची उत्तरं मी वाचून दाखवायची आणि आत्या आठवायची. 'अर्धा चमचा' ऐकताच म्हणाली, "ही आपली देवासची वहिनी. तिला मीठ कमीच लागतं."

सात उत्तरं राहिली. त्यातलं एक आहे, 'तुम्ही आलात तर दार उघडंच आहे.' हे कुणाला लिहिलं ते आत्याला आठवत नाही. दोन-तीनदा वाचायला लावलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा ऐकलं. मग म्हणाली, राहू दे, काढू नकोस. नातवाने ते 'उरलेली उत्तरं' या पानावर ठेवलं आहे, तारखेसकट: १४ जून २०१६, रात्री ११ वाजून १० मिनिटं.